एका माणसाचे दोन ट्रम्पेट : ‘द लोनली बुल’ या पहिल्या आल्बमचा अभ्यास

आधी गर्दीचा आवाज येतो. हजारो माणसं एकाच वेळी ओरडल्यावर मैदानात जसा घुमतो, तसा. त्यावर एकटा ट्रम्पेट ललकारी देतो. आपल्याकडे पालखी निघताना किंवा नवरदेव मांडवाच्या दारात आल्यावर तुतारी फुंकतात, त्याच कामाची ही ललकारी : लक्ष द्या, आता काहीतरी सुरू होतंय. मग ताल सुरू होतो आणि ट्रम्पेट परत येतो, पण आता तो एकटा नसतो. दोन ट्रम्पेट खांद्याला खांदा लावून एक उदास चाल वाजवू लागतात, मागून शब्दांविना गाणारे आवाज ऐकू येतात, आणि दोन-सव्वादोन मिनिटांत सगळं संपतं.

ते दोन ट्रम्पेट दोन माणसांचे नाहीत. दोन्ही अमेरिकन ट्रम्पेटवादक हर्ब अल्पर्ट यांनीच वाजवलेले आहेत, एकावर एक. ही गोष्ट मला कळली त्याच्या आधीही मी ही चाल कितीतरी वेळा ऐकली होती आणि प्रत्येक वेळी वाटायचं, हे दोन वादक इतके एकजीव कसे? कळल्यावर ती चाल मला वेगळीच ऐकू येऊ लागली. १९६२ साली निघालेल्या त्यांच्या या पहिल्या आल्बमवर ‘मेक्सिकन ढंगाचं हलकंफुलकं वाद्यसंगीत’ असा शिक्का बसलेला आहे. शिक्का खोटा नाही. पण या आल्बममध्ये मेक्सिको नेमका कुठे आहे आणि कुठे नाही, आणि एका छोट्या चालीच्या यशावर पूर्ण आल्बम उभा करताना काय हाती लागलं, हे नीट पाहिलं तर त्या शिक्क्याखाली बरंच काही सापडतं.

दोघं आणि दोनशे डॉलर

अल्पर्ट यांचा जन्म ३१ मार्च १९३५ चा, लॉस एंजेलिसचा. बॉइल हाइट्स हा त्यांचा भाग. त्या काळी तिथे ज्यू, मेक्सिकन आणि जपानी वंशाची कुटुंबं शेजारी शेजारी राहायची. अल्पर्ट यांचं घर पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबाचं. वडील शिंपीकाम करायचे आणि मेंडोलिन वाजवायचे, आई व्हायोलिन शिकवायची. आठव्या वर्षी मुलाच्या हातात ट्रम्पेट आला. पुढे सैन्यात गेल्यावरही तो बँडमध्येच होता.

पण व्यवसायात पाऊल टाकलं ते वादक म्हणून नाही. १९५० च्या दशकाच्या अखेरीस लू अ‍ॅडलर यांच्यासोबत ते गाणी लिहीत, ध्वनिमुद्रणं सांभाळत. गायक सॅम कुक यांनी १९६० मध्ये गाजवलेलं ‘वंडरफुल वर्ल्ड’ हे या दोघांचं आणि खुद्द कुक यांचं गाणं. त्यानंतर अल्पर्ट यांनी ‘डोर अल्पर्ट’ हे नाव घेऊन गायक म्हणून नशीब आजमावलं. ते फळाला आलं नाही. मला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो. सत्तावीस वर्षांचा माणूस गाणं लिहून पाहतो, इतरांची गाणी घडवून पाहतो, स्वतः गाऊन पाहतो, आणि जे वाद्य आठव्या वर्षापासून हातात आहे त्याच्याकडे सर्वांत शेवटी वळतो.

जेरी मॉस हे त्यांच्याच वयाचे, न्यूयॉर्कचे. त्यांचं काम रेकॉर्ड रेडिओवर वाजावी म्हणून खटपट करण्याचं. स्टेशनांवर जायचं, निवेदकांना गाठायचं, रेकॉर्ड ऐकवायची, पुन्हा जायचं. १९६० मध्ये ते कॅलिफोर्नियात आले. एकाला ध्वनी घडवता येत होता, दुसऱ्याला तो लोकांच्या कानापर्यंत नेता येत होता. दोघांनी शंभर-शंभर डॉलर काढले आणि ‘कार्निव्हल’ नावाची कंपनी सुरू केली. पहिली रेकॉर्ड अल्पर्ट यांच्याच आवाजातली, ‘टेल इट टू द बर्ड्‌स’. तिचे वितरणाचे हक्क डॉट रेकॉर्ड्‌स या मोठ्या कंपनीने ७५० डॉलरला घेतले. हेच पैसे पुढच्या रेकॉर्डचं भांडवल. दरम्यान कार्निव्हल हे नाव दुसऱ्या कुणाचं तरी असल्याचं कळलं, म्हणून दोघांनी आपल्या आडनावांची आद्याक्षरं घेतली : ए अँड एम. कचेरी म्हणजे वेस्ट हॉलिवूडमधलं अल्पर्ट यांच्या घराचं गॅरेज.

स्वतःचं ध्वनिमुद्रण, स्वतःचीच कंपनी. मोठ्या कंपनीच्या पगारी निर्मात्याने ही चाल ऐकली असती तर गर्दीचा गोंगाट काढून टाका असं पहिल्याच बैठकीत सांगितलं असतं, असं मला राहून राहून वाटतं. इथे विचारायला कुणी नव्हतंच.

जुनी चाल, नवं मैदान

चाल आधीपासूनच होती. तिचं नाव होतं ‘ट्विंकल स्टार’, संगीतकार सोल लेक, अल्पर्ट यांचे मित्र. अल्पर्ट बरेच दिवस गॅरेजमध्ये तिच्याशी झटापट करत होते. चाल चांगली होती, पण ती बसत नव्हती. कितीही वेळा वाजवली तरी तिला आपलं घर सापडत नव्हतं.

ते घर तिहुआनात सापडलं. लॉस एंजेलिसपासून दक्षिणेला मोटारीने दोन-अडीच तासांवर मेक्सिकोची सीमा ओलांडली की तिहुआना. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती, त्या काळात हे गाव सीमेपलीकडच्या करमणुकीचं ठिकाण म्हणून वाढलं. दारू, घोड्यांच्या शर्यती, जुगार, आणि माणसाची बैलाशी झुंज. १९३८ मध्ये तिथे ‘एल तोरेओ’ हे झुंजीचं मैदान बांधलं गेलं, १९६० मध्ये समुद्राकाठी आणखी एक मोठं मैदान झालं. रविवारी झुंज पाहायला कॅलिफोर्नियातून माणसांची रीघ लागायची. त्यांच्यात अल्पर्टही असायचे.

झुंजीच्या मैदानात संगीत करमणुकीपुरतं नसतं. एका दुपारी बहुधा सहा बैल उतरतात. प्रत्येक झुंजीचे तीन भाग. एक भाग संपून दुसरा सुरू होतो तेव्हा अध्यक्षाच्या जागेवरून रुमाल हलतो आणि ट्रम्पेट-ढोलाची ललकारी होते. ट्रम्पेट हे त्या मैदानाचं घड्याळ आहे. प्रेक्षकांत बसलेला बँड मधल्या वेळेत पासोदोब्ले ही स्पॅनिश नाचाची चाल वाजवतो, पण ललकारी झाली की सगळे गप्प. पुढे काय होणार हे माहीत असलेली ती शांतता असते. पोळ्याला बैलाच्या पाया पडणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला ही झुंज पाहवणार नाही, मलाही पाहवत नाही. तरीही त्या आवाजात किती ताण साठलेला असतो हे मान्य करायला हवं.

अल्पर्ट यांनी तिहुआनातून ताल आणला नाही, चाल तर नाहीच. त्यांनी ती रचना उचलली : गर्दी, मग ललकारी, मग क्षणभर थांबणं, आणि मग सुरुवात. ‘ट्विंकल स्टार’चा चेहरा त्या क्रमात बदलला. आधी ती कुठेही वाजू शकली असती अशी चाल होती, आता तिला जागा मिळाली, वेळ मिळाली, उतरतं ऊन मिळालं. झुंजीच्या गर्दीचा आवाज ध्वनिमुद्रक टेड कीप यांच्याकडे टेपवर होता. हे तेच कीप, ज्यांनी १९५८ मध्ये टेपचा वेग बदलून ‘चिपमंक्स’ या गाणाऱ्या काल्पनिक खारींचे बारीक आवाज मुद्रित केले होते. गर्दी रेकॉर्डवर चढली आणि चालीचं नाव झालं ‘द लोनली बुल’. एकटा बैल.

स्पॅनिशमध्ये त्याखाली लिहिलं ‘एल सोलो तोरो’. स्पॅनिश जाणणाऱ्याला हे खटकतं, कारण नामाच्या आधी ‘सोलो’ आलं की अर्थ ‘एकाकी’ होत नाही, ‘केवळ एक’ असा होतो. एकाकी बैल म्हणायचं तर ‘तोरो सोलितारियो’ म्हणावं लागलं असतं. म्हणजे आल्बमच्या पहिल्याच ओळीत, अगदी नावातच, सीमेच्या उत्तरेकडून ऐकलेलं स्पॅनिश आहे. ही चूक मला क्षुल्लक वाटत नाही. पूर्ण आल्बमचा पत्ता तिच्यात आहे.

बँडला ‘तिहुआना ब्रास’ हे नाव मॉस यांनी सुचवलं. असा बँड तेव्हा अस्तित्वातच नव्हता. स्टुडिओत रोजंदारीवर वाजवणारे लॉस एंजेलिसचे वादक होते आणि अल्पर्ट होते. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गोव्याच्या ट्रम्पेट, सॅक्सोफोन, व्हायोलिन वादकांनी वर्षानुवर्षं वाजवलं आणि रेकॉर्डवर त्यांची नावं आली नाहीत. तशीच ही हॉलिवूडची मंडळी : नोटेशन समोर ठेवलं की वाजवायचं आणि पुढच्या स्टुडिओकडे निघायचं. रेकॉर्डवर मात्र अख्ख्या गावाचं नाव असलेला बँड झळकला.

दुहेरी स्वर

आता त्या दोन ट्रम्पेटांकडे. लेस पॉल यांनी गिटारचे थर टेपवर एकावर एक चढवून जे केलं, ते अल्पर्ट यांच्या मनात भरलं होतं. लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांच्या १९५० च्या आसपासच्या रेकॉर्डमध्ये एक गिटार सहा गिटारींसारखी ऐकू येते. अल्पर्ट यांनी घरी दोन टेप यंत्रं ठेवली होती. एकावर वाजवलेलं दुसऱ्यावर उतरवायचं आणि उतरवताना त्याच्यासोबत पुन्हा वाजवायचं.

इथे एक बारकावा आहे, तो वादकांना लगेच कळेल. तोच स्वर, तीच लय, तोच माणूस. तरीही दुसऱ्यांदा वाजवताना ओठ किंचित वेगळे आवळले जातात, श्वास किंचित आधी किंवा नंतर सुटतो, स्वर केसभर वर किंवा खाली लागतो. ध्वनी नुसताच मोठा करायचा असता तर आवाजाची कळ फिरवली असती तरी चाललं असतं. पण हे दोन थर एकमेकांवर चपखल बसत नाहीत, आणि त्यांच्यातल्या केसभर फटीतून एक थरथर निर्माण होते. कानाला वाटतं, हवा हलतेय. सनईवादनात मुख्य सनईमागे दुसरी सनई नुसता सूर धरून असते आणि त्या सुराला घासून मुख्य सनईचं गाणं चमकतं. ही चमक वेगळ्या जातीची, पण घासण्याचं तत्त्व मला तेच वाटतं.

मरियाची म्हणजे मेक्सिकोचा पारंपरिक वाद्यमेळ. त्यातही दोन ट्रम्पेट असतात, आणि सहसा तिसऱ्या स्वराचं अंतर ठेवून वाजतात. म्हणून ऐकणाऱ्याला हा आवाज मेक्सिकन वाटला. पण मरियाचीत दोन माणसं असतात. एकाचा घसा भरून येतो तेव्हा दुसरा त्याला सांभाळतो, एक पुढे धावला तर दुसरा त्याला ओढून आणतो. त्यात संवाद असतो. अल्पर्ट यांच्या रेकॉर्डमध्ये संवाद नाही. तिथे माणूस आपल्याच सावलीबरोबर चालतोय. एकाकीपणाचं नाव असलेली चाल एका माणसाने स्वतःशीच जोडी करून वाजवावी, याहून नेमकं काही मला सुचत नाही. हे त्यांनी ठरवून केलं असेल असं मी म्हणणार नाही. बहुधा कानाला गोड लागलं म्हणून ठेवलं. पण या आल्बमची सगळी भावना त्या फटीत आहे, झुंजीतल्या ‘ओले’ या शाबासकीच्या आरोळीत नाही, हे माझं ठाम मत आहे.

बारा चाली

‘द लोनली बुल’ची एकेरी रेकॉर्ड, म्हणजे दर बाजूला एकच चाल असलेली, १९६२ च्या शरदात बाजारात आली. तिच्या दुसऱ्या बाजूला होती ‘अकापुल्को १९२२’. त्या वर्षी शब्दांविना संगीताला अमेरिकेत बरे दिवस होते. मे महिन्यात अ‍ॅकर बिल्क यांची क्लॅरिनेटवरची ‘स्ट्रेंजर ऑन द शोअर’ पहिल्या क्रमांकावर होती, जुलैमध्ये डेव्हिड रोझ यांच्या वाद्यवृंदाची ‘द स्ट्रिपर’, आणि वर्ष संपता संपता इंग्लंडहून आलेली ‘टेलस्टार’. ‘द लोनली बुल’ बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रियतेच्या यादीत सहाव्या क्रमांकापर्यंत गेली. गॅरेजमधल्या कंपनीसाठी हे यश अफाट होतं, आणि धोक्याचंही.

छोट्या कंपन्या त्या काळी पहिल्याच यशात बुडायच्या. रेकॉर्ड छापायचे पैसे आधी मोजावे लागत, वितरकांकडून पैसे मात्र महिनोन्‌महिने येत नसत. आणि हातात पुढचा माल नसेल तर वितरकाला पैसे द्यायची घाईही नसे. म्हणून एकेरी रेकॉर्ड गरम आहे तोवर आल्बम निघणं ही कलेची गरज नव्हती, हिशेबाची होती. वर्ष संपण्याआधी आल्बम आला. क्रमांक १०१, ए अँड एमचा पहिला. बारा चाली, सगळ्या मिळून अर्ध्या तासाच्या आत.

त्यांची यादी नीट वाचली की गंमत वाटते. ‘डेसाफिनादो’ ब्राझीलची, जोबिम आणि मेंदोन्सा यांची. पोर्तुगीजमध्ये या शब्दाचा अर्थ ‘बेसूर’. त्याच वर्षी स्टॅन गेट्झ आणि चार्ली बर्ड या जॅझवादकांनी ती अमेरिकेत घरोघरी पोहोचवली होती. ‘नेव्हर ऑन संडे’ ग्रीसची, मानोस हाजिदाकिस यांनी १९६० च्या चित्रपटासाठी केलेली. ‘लेट इट बी मी’ मुळात फ्रेंच, झिल्बेर बेको यांची. ‘लिंबो रॉक’ त्या वर्षी अमेरिकेत नाचली जाणारी चाल. ‘मेक्सिको’ नावाची चाल तरी मेक्सिकोची असेल म्हणावं, तर ती नॅशव्हिलच्या बूडलो ब्रायंट यांची, १९६१ मध्ये बॉब मूर यांच्या वाद्यवृंदाने गाजवलेली. उरलेल्यांत सोल लेक यांची ‘एल लोबो’, अल्पर्ट यांची ‘स्ट्रटिन विथ मारिया’ आणि ‘अ क्वाएट टिअर’, ‘क्रॉफिश’, आणि ‘तिहुआना सावरक्राऊट’.

मेक्सिकोच्या लोकसंगीतातली एकही जुनी चाल या आल्बममध्ये नाही. हे मी आरोप म्हणून लिहीत नाही. पण ज्या आल्बमला सगळं जग मेक्सिकन म्हणतं त्याची शिदोरी रिओ, अथेन्स, पॅरिस, नॅशव्हिल आणि हॉलिवूडहून आलेली आहे, हे ऐकताना लक्षात ठेवावं. आल्बमची खरी कसोटी इथेच होती : तिहुआनाच्या मैदानात सापडलेला तो आवाज ग्रीक चालीवर बसतो का? ब्राझिलियन चालीवर?

माझ्या कानाने सांगतो. ‘नेव्हर ऑन संडे’वर बसतो, आणि छान बसतो, कारण त्या चालीतच भूमध्य समुद्राकाठची चौकातली मौज आहे आणि दुहेरी ट्रम्पेटला चौक मानवतो. ‘लेट इट बी मी’वर बसत नाही. ते गाणं एका माणसाने दुसऱ्याला कानात म्हणायचं आहे, आणि दोन ट्रम्पेट कानात काही सांगू शकत नाहीत. ‘डेसाफिनादो’ मधेच लटकते. बोसा नोव्हा या ब्राझिलियन शैलीची सारी नजाकत वाक्य अर्धवट सोडण्यात आहे, आणि अल्पर्ट यांचा ट्रम्पेट प्रत्येक वाक्य पूर्ण करतो. ब्राझीलशी त्यांचं नीट जुळायला १९६६ उजाडावं लागलं, जेव्हा ब्राझीलचे संगीतकार सर्जिओ मेंडेस यांना त्यांनी आपल्या कंपनीत आणलं. तोवर त्या संगीतात स्वतः वाजवण्यापेक्षा वाजवणाऱ्याला जागा देणं बरं, हे त्यांना कळलं होतं असं दिसतं.

‘स्ट्रटिन विथ मारिया’ मात्र या आल्बममधली माझी सर्वांत आवडती. तिच्यात गर्दी नाही, झुंज नाही, पोशाख नाही. चाल मान ताठ करून रस्त्याने निघाली आहे आणि दोन ट्रम्पेट तिच्या पावलांशी खेळतात. हा आवाज झुंजीच्या मैदानाबाहेरही जगू शकतो हे या चालीने सिद्ध केलं. शेवटची ‘अ क्वाएट टिअर’ संथ आहे. तिथे तीच दुहेरी थरथर परत येते, आणि आल्बम जिथून निघाला होता त्या एकटेपणाजवळ नेऊन सोडते.

‘तिहुआना सावरक्राऊट’ या नावावर जरा थांबायला हवं. सावरक्राऊट म्हणजे आंबवलेली कोबी, जर्मनांच्या घरचा पदार्थ. नाव गमतीने ठेवलेलं आहे, पण त्या गमतीखाली खरा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात जर्मन आणि चेक लोक टेक्सासमध्ये आणि उत्तर मेक्सिकोत आले, त्यांच्यासोबत पोल्का आला, अकॉर्डियन आला. नॉर्तेन्यो, म्हणजे उत्तर मेक्सिकोच्या संगीताचा धुम-चाक ताल त्यातून घडला. मेक्सिकोतल्या सिनालोआ प्रांताच्या बांदा संगीतातल्या पितळी वाद्यांमागेही मध्य युरोपच्या बँडची सावली आहे. म्हणजे तिहुआना आणि सावरक्राऊट यांची सोयरीक अल्पर्ट यांच्या आधी शंभर वर्षं जुळलेली होती.

मेक्सिको किती, कुणाचा

आणि इथे मला तो अवघड प्रश्न घ्यायचा आहे. मेक्सिकोच्या नावाने, मेक्सिकन नसलेल्या माणसांनी, मेक्सिकन नसलेल्या चाली वाजवून पैसा मिळवला. हे बरोबर होतं का?

१९६२ चं लॉस एंजेलिस डोळ्यांसमोर आणलं तर प्रश्न बोचरा होतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये डॉजर स्टेडियम उघडलं. ज्या टेकडीवर ते बांधलं त्या शावेझ रव्हिनमध्ये मेक्सिकन वंशाची कुटुंबं राहत होती आणि १९५० च्या दशकात त्यांना तिथून उठवलं होतं. ब्रासेरो योजनेखाली मेक्सिकोतून हंगामी मजूर कॅलिफोर्नियाच्या शेतांत राबायला येत होते. शहराला मेक्सिकन हात हवे होते, मेक्सिकन सूर हवे होते. शेजार मात्र नको होता.

आणि मेक्सिकन वंशाचे वादक तिथे नव्हते असंही नाही. मिचोआकान प्रांतातल्या हिकिल्पानमध्ये १९०६ साली जन्मलेले रफाएल मेंडेस हे ट्रम्पेटचे असे उस्ताद होते की त्यांचं नाव आजही जगभरचे ट्रम्पेट शिकणारे विद्यार्थी आदराने घेतात. ते लॉस एंजेलिसमध्येच राहत, एमजीएम या चित्रपट कंपनीच्या वाद्यवृंदात वाजवत, आणि झुंजीच्या मैदानातली ‘ला व्हिर्हेन दे ला माकारेना’ ही चाल त्यांनी ज्या ताकदीने वाजवली तशी फार थोड्यांना जमली. लोकप्रिय यादीच्या शिखराकडे मात्र त्यांचा ट्रम्पेट गेला नाही. रिची व्हॅलेन्स यांनी १९५८ मध्ये मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझची ‘ला बांबा’ रॉकच्या तालात गाजवली, ते याच शहराच्या परिसरातले, मेक्सिकन वंशाचे. सतरा वर्षांचं आयुष्य, विमान अपघातात संपलं.

हे सगळं मान्य करूनही मी ‘चोरी’ हा शब्द वापरणार नाही, आणि त्याचं कारण खुद्द मरियाचीच्या इतिहासात आहे. आज मरियाचीची ओळख असलेला ट्रम्पेट मुळात मरियाचीत नव्हता. हालिस्को आणि आसपासच्या गावांत मरियाची म्हणजे व्हायोलिन, विउएला आणि गितारोन ही गिटारसारखी वाद्यं, आणि हार्प. ट्रम्पेट रुजला तो १९३० नंतर, मेक्सिको सिटीत एक्सइडब्ल्यू हे रेडिओ केंद्र सुरू झाल्यावर. तारवाद्यांचा आवाज त्या काळच्या रेडिओवर क्षीण लागायचा, ट्रम्पेट घणघणीत लागायचा. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. मरियाची व्हार्गास दे तेकालित्लान या मंडळाने १९४० मध्ये मिगेल मार्टिनेझ यांना ट्रम्पेटसाठी घेतलं, आणि १९५० च्या दशकात दुसरा ट्रम्पेट आल्यावर ती जोडीच प्रथा झाली. म्हणजे अल्पर्ट यांनी टेपवर जी जोडी नकलेसारखी बांधली, ती मूळ जोडीही तेव्हा फार जुनी नव्हती. तीही यंत्राच्या गरजेतून, बाजाराच्या सोयीने जमलेली. मायक्रोफोनने मेक्सिकोत एक जोडी घडवली, टेपने हॉलिवूडमध्ये दुसरी.

अमेरिकेत या आवाजाला पुढे ‘अमेरियाची’ असं जोडनाव पडलं. ते प्रामाणिक आहे. अल्पर्ट यांनी आपण मेक्सिकन संगीत वाजवतो असा दावा मिरवला नाही. बॉइल हाइट्समध्ये वाढलेल्या मुलाने सीमेपलीकडे पाहुणा म्हणून जे ऐकलं, ते पाहुण्याच्या कानाने परत सांगितलं. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही. तक्रार रेकॉर्डच्या बाजाराबद्दल आहे, ज्याला पाहुण्याने सांगितलेली गोष्ट विकता आली आणि घरच्या माणसाची विकायची इच्छा झाली नाही. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की अल्पर्ट यांच्यावरही अन्याय होतो आणि रफाएल मेंडेस यांच्यावरही.

दुसरा ट्रम्पेट

आल्बम बिलबोर्डच्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत चढला आणि वर्षानुवर्षं विकला जात राहिला. १९६३ मध्ये दुसरा आल्बम आला तेव्हा त्याची फारशी दखल घेतली गेली नाही. तीच कृती, तोच मसाला, पण या वेळी मागे तिहुआनाची दुपार नव्हती. नुसती कृती हाती असली की काय होतं ते त्यातून कळलं. पुढच्या आल्बमांत अल्पर्ट यांनी मैदान मागे सोडलं आणि दुहेरी ट्रम्पेट बरोबर घेतला. सोल लेक यांची ‘मेक्सिकन शफल’ च्युइंग गमच्या जाहिरातीतून घराघरांत पोहोचली. १९६५ च्या ‘व्हिप्ड क्रीम’ने पहिला क्रमांक गाठला, आणि १९६६ मध्ये एका वेळी त्यांचे पाच आल्बम पहिल्या विसांत होते. त्याच वर्षी ए अँड एमने चार्ली चॅप्लिन यांचा हॉलिवूडमधला जुना स्टुडिओ घेतला. गॅरेजमधल्या दोनशे डॉलरांची ती कंपनी १९८९ मध्ये पॉलिग्राम या बड्या रेकॉर्ड कंपनीला सुमारे ५० कोटी डॉलरला विकली गेली. हा सगळा भाग लोकांना ठाऊक असतो, म्हणून मी तो एका दमात सांगून टाकला.

कमी सांगितली जाते ती मधली अडचण. लोक तिहुआना ब्रासला रंगमंचावर बघायची मागणी करू लागले, आणि तिहुआना ब्रास असं काही नव्हतंच. रेकॉर्डवरचा बँड टेपवर होता. तेव्हा १९६४-६५ च्या सुमारास अल्पर्ट यांनी खराखुरा बँड जमवला : गिटारवर जॉन पिसानो, पियानोवर लू पगानी, ड्रमवर निक सेरोली, बेसवर पॅट सेनातोरे, ट्रॉम्बोनवर बॉब एडमंडसन. त्यांतलं कुणीच मेक्सिकन नव्हतं.

आणि एक जागा अशी होती जी भरल्याशिवाय ‘द लोनली बुल’ वाजवताच आली नसती. टेपवर अल्पर्ट यांनी स्वतःशी केलेली जोडी मंचावर एकट्याने करता येत नाही. दुसरा थर वाजवायला दुसरा माणूस लागतो, आणि त्याचा श्वास वेगळा, ओठ वेगळे, घाई आणि सबुरी वेगळी. टॉनी कलाश यांना त्या जागेसाठी घेतलं. तेव्हापासून मैफलीत ती चाल सुरू झाली, ललकारी संपली, की अल्पर्ट यांच्या बाजूला उभं राहून टॉनी कलाश आपला ट्रम्पेट ओठांना लावत.